आई ज्यू नाही, मग मुलगी ज्यू कशी? आणि हे ठरवणार कोण?

सावलीबाई (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या इथे न्यू जर्सीत एका मैत्रिणीच्या लेकीची बात मिट्झ्वा झाली, म्हणजे ज्यू मुलींची मुंजच म्हणा. मैत्रीण डोंबिवलीची, नवरा इथला ज्यू. तिने धर्म बदललेला नाही. घरी दीड दिवसाचा गणपती येतो, डिसेंबरात हनुकाच्या मेणबत्त्या लागतात आणि लेक लहानपणापासून दर रविवारी टेंपलच्या (ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग) शाळेत जाते. टेंपल रिफॉर्म म्हणजे सुधारक पंथाचं आहे, रब्बाय (धर्मगुरू) बाई आहेत.

शनिवारी सकाळी तोराहची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, ती भलीमोठी गुंडाळी समोर उलगडली. अक्षरांना बोट लावायचं नसतं, म्हणून चांदीची एक काडी असते, तिच्या टोकाला इवलासा हात आणि त्याची तर्जनी पुढे काढलेली. ती काडी ओळीवरून सरकवत तेरा वर्षांच्या पोरीने सगळा उतारा खणखणीत म्हटला. गुंडाळीत काना-मात्रा नसतात बरं का, नुसती व्यंजनं. उच्चार आणि चाल दोन्ही पाठ. पहिल्या रांगेत पैठणी नेसून बसलेली तिची आजी माझ्या कानात म्हणाली, "आमच्या बाळ्याला मुंजीत गायत्रीसुद्धा धड म्हणता आली नव्हती."

रविवारी घरी जेवण होतं. नवऱ्याची एक लांबची आत्या ब्रुकलिनहून आली. शनिवारी आली नव्हती, कारण त्या दिवशी शाब्बाथ, विश्रांतीचा वार, म्हणून ती गाडीत बसत नाही. कागदाच्या बशीत एक केळं नि एक संत्रं घेऊन कोपऱ्यात बसली होती, बाकी कशाला हात लावला नाही (घरचं कोशर, म्हणजे त्यांच्या नियमात बसणारं, नाही म्हणून). निघताना मैत्रिणीचा हात हातात घेऊन अगदी मायेने म्हणाली, "पोर गुणी आहे. पण ज्यू नाही गं ती. आई नाही ना."

मैत्रीण तेव्हा हसली. रात्री मला फोन करून रडली.

म्हणजे एकाच धर्माच्या एका रब्बायने जिच्या हातात तोराह दिली, तिला त्याच धर्मातले दुसरे लोक आपलं मानतच नाहीत. हे नक्की काय प्रकरण आहे? इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

आडवाटे

वाचतोय. चांगला विषय.

तळटीप

सावलीबाई, ब्रुकलिनच्या आत्याबाईंचं म्हणणं ऑर्थोडॉक्स म्हणजे सनातनी शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. हलाखा म्हणजे ज्यू धर्मशास्त्र. त्यानुसार ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा रीतसर धर्मांतर केलेला माणूस ज्यू. बाप कोण हा प्रश्नच नाही. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात, किद्दुशीन या प्रकरणात हे येतं.

गंमत अशी, की त्याआधीच्या बायबलमध्ये सगळा कारभार बापाकडून चालतो. योसेफाची बायको इजिप्तच्या पुरोहिताची मुलगी, तिच्या दोन मुलांच्या नावाने तर इस्रायलच्या दोन टोळ्या आहेत. मोशेची बायको मिद्यानी. या बायकांनी धर्मांतरासाठी मिक्वेत (विधीच्या कुंडात) बुडी मारल्याचा उल्लेख कुठे सापडत नाही. बापाकडून आईकडे हा बदल का झाला यावर अभ्यासक अजून भांडतात. रोमन कायद्याचा प्रभाव म्हणणारे आहेत, मिश्नाच्या आतल्या तर्कातून आला म्हणणारे आहेत. "आई कोण ते नक्की कळतं, बाप कोण ते सांगता येत नाही" हे कारण सगळीकडे फिरतं, पण मला ते पटत नाही. कारण कोहेन म्हणजे पुरोहित घराणं आणि लेवी घराणं आजही बापाकडूनच ठरतं. तिथे बरा बापावर विश्वास ठेवतात!

कराइत नावाचा छोटा पंथ आहे, ते तालमूद (मिश्ना आणि त्यावरची रब्बायांची चर्चा) मानत नाहीत, बायबलच प्रमाण. त्यांच्यात वंश परंपरेने बापाकडून. म्हणजे सावलीबाईंच्या मैत्रिणीची लेक कराइतांकडे सहज खपली असती. 😀

दोनबोटं

थोडक्यात काय, जात. नाव वेगळं, माल तोच. आईचं रक्त चालतं, बापाचं चालत नाही, एवढाच फरक.

तळटीप

@दोनबोटं, जात म्हणायला एक अडचण आहे. जातीत बाहेरून शिरता येत नाही, इथे येतं. तीन जणांचं धर्मपीठ बसतं, त्याला बेत दिन म्हणतात. आज्ञा पाळण्याचं वचन द्यायचं, मिक्वे नावाच्या कुंडात पूर्ण बुडी मारायची, पुरुष असेल तर सुंता. बाहेर आलात की ज्यू. दावीद राजाची पणजी रूथ मवाबी होती, बाहेरून आलेली. तिची गोष्ट दरवर्षी शावुओतच्या सणाला वाचतात.

आणि बाहेर पडता येत नाही हेही तितकंच खरं. तालमूदात म्हटलंय की पाप केलं तरी तो इस्रायलच. ज्यू आईचा मुलगा देव न मानणारा असो, डुक्कर खाणारा असो, ऑर्थोडॉक्स रब्बायच्या लेखी ज्यूच. सावलीबाईंच्या मैत्रिणीची लेक वर्षभर हिब्रू घोकूनही ज्यू नाही, आणि तो आयुष्यात सिनेगॉगची पायरी न चढता ज्यू आहे.

दोनबोटं

मग माझं म्हणणं काय वेगळं होतं?

हडसनकाठ

अमेरिकेतलं चित्र सांगतो, कारण इथे ऑर्थोडॉक्स अल्पसंख्य आहेत हे भारतात बसून लक्षात येत नाही. प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीत ज्यू प्रौढांपैकी ३७ टक्के स्वतःला रिफॉर्म म्हणतात, १७ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, ९ टक्के ऑर्थोडॉक्स, आणि जवळजवळ एक तृतीयांश कुठल्याच पंथाचे नाहीत. २०१० नंतर लग्न झालेल्यांपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नाही. म्हणजे डोंबिवलीच्या मैत्रिणीसारखी घरं अपवाद नाहीत हो.

रिफॉर्म रब्बायांच्या संघटनेने १९८३ च्या मार्चमध्ये ठराव केला: आई किंवा बाप, कोणीही एक ज्यू असेल तर मूल ज्यू असल्याचं गृहीत धरावं, मात्र ते त्याने वेळच्या वेळी जाहीर धार्मिक कृतीतून पक्कं करावं. नामकरण, तोराहचं शिक्षण, बार (मुलांची) किंवा बात मिट्झ्वा वगैरे. रिकन्स्ट्रक्शनिस्ट पंथाने हेच १९६८ मध्येच मान्य केलं होतं. त्या पंथाचे जनक मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या मते ज्यूपण ही एक संस्कृती, धर्म हा तिचा एक भाग. १९२२ साली स्वतःच्या मुलीची बात मिट्झ्वा करणारे तेच.

१९८३ च्या ठरावातली दुसरी धार लोक विसरतात. नीट वाचलात तर आई ज्यू आणि बाप नाही अशा मुलालाही तीच अट लागू होते. ते कुठल्याच रीतीभातीविना वाढलं, तर रिफॉर्मच्या ठरावाप्रमाणे त्याचं ज्यूपण पक्कं झालेलं नाही, आणि आत्याबाईंच्या शास्त्राप्रमाणे मात्र ते शंभर टक्के ज्यू. म्हणजे रिफॉर्मवाले "सैल" आहेत असं सरसकट म्हणता येत नाही. त्यांनी गाठ दुसरीकडे मारली आहे, इतकंच.

कॉन्झर्व्हेटिव्ह मधल्यामध्ये. शनिवारी सिनेगॉगला गाडीने गेलं तर चालतं, बाई रब्बाय चालते, पण वंश आईकडूनच. त्यांनी ते पुन्हा ठासून सांगितलंय. आणि शिकागोत १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मिशिगनच्या मानवतावादी ज्यूंना तर देवाचीही गरज नाही.

हडसनकाठ

वरच्या प्रतिसादात शेवटी घोळ झाला, संपादन करता येत नाहीये. शिकागो नाही, डेट्रॉइटजवळ, १९६३, रब्बाय शेर्विन वाइन.

फुकटचा सल्ला

एवढं कशाला? मैत्रिणीने सरळ ज्यू होऊन टाकावं. प्रश्न मिटला.

वकीलीणबाई

नाही मिटत. आईने आज धर्मांतर केलं तर आजपासून ती ज्यू. मुलगी आधी जन्मलेली, तिला ते मागच्या तारखेपासून लागू होत नाही. मुलीचं धर्मांतर वेगळं करावं लागेल. आणि ते कोणापुढे केलं हा पुढचा प्रश्न. रिफॉर्म बेत दिनपुढे केलं तर ऑर्थोडॉक्सांना मान्य नाही. कॉन्झर्व्हेटिव्हपुढे केलं, बुडीबिडी सगळं शास्त्रशुद्ध, तरी ऑर्थोडॉक्सांना मान्य नाही.

बरं, ऑर्थोडॉक्सांचं एकमेकांना तरी मान्य असतं का? २००८ मध्ये इस्रायलच्या वरिष्ठ रब्बाय न्यायालयाने रब्बाय हाइम द्रुकमन यांनी केलेल्या धर्मांतरांवर प्रश्नचिन्ह लावलं. द्रुकमन काही रिफॉर्म नव्हेत, सरकारी धर्मांतर यंत्रणेचे प्रमुख होते. हजारो माणसं एका निकालाने अधांतरी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रब्बाय हॅस्केल लुकस्टाइन यांनी केलेलं एका बाईचं धर्मांतर पेताह तिक्वाच्या रब्बाय न्यायालयाने नाकारलं. याच लुकस्टाइननी इव्हान्का ट्रम्पचं केलं होतं, म्हणून त्याची बातमी झाली.

माझ्या मते प्रश्न "ज्यू कोण" असा विचारूच नये. कोण विचारतंय आणि कशासाठी, ते आधी विचारावं. लग्नासाठी, नागरिकत्वासाठी, शाळेत प्रवेशासाठी, दफनासाठी, प्रत्येक खिडकीवर वेगळं उत्तर मिळतं.

इस्रायलची नागरिकत्वाची खिडकी बघा. १९५० च्या परतीच्या कायद्यात, म्हणजे ज्यूंना इस्रायलला येऊन वसायचा हक्क देणाऱ्या कायद्यात, ज्यू शब्दाची व्याख्याच नव्हती. १९५८ मध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांनी जगभरच्या पन्नास ज्यू विद्वानांना पत्र लिहून विचारलं. मग कोर्टात दोन खटले आले आणि दोन्ही एकमेकांच्या उलट्या दिशेचे.

पहिला ब्रदर डॅनियलचा, १९६२. जन्माने पोलिश ज्यू, ओस्वाल्ड रुफायझन. नाझी काळात ज्यू असल्याचं लपवून पोलिसांचा दुभाषी झाला आणि मीर गावच्या घेट्टोतल्या (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या) लोकांना आधी खबर देऊन पळायला मदत केली. लपून राहिला तो ननच्या मठात. तिथे ख्रिस्ती झाला, पुढे कार्मेलाइट संन्यासी झाला, आणि इस्रायलला येऊन म्हणाला, मी ज्यू आहे, हलाखाही तेच म्हणतो. हलाखा खरंच तेच म्हणतो! धर्मनिरपेक्ष न्यायाधीश म्हणाले, नाही. साध्या माणसाच्या बोलण्यात ख्रिस्ती संन्याशाला कोणी ज्यू म्हणत नाही. त्याला शेवटी इतर परदेशी माणसासारखं अर्ज करून नागरिक व्हावं लागलं.

दुसरा शालित, १९७०. नौदलाचा अधिकारी, बायको स्कॉटलंडची, ज्यू नाही. मुलांच्या नोंदीत राष्ट्रीयत्व "ज्यू" लिहा म्हणाला. नऊ न्यायाधीश, पाच विरुद्ध चार, शालित जिंकला. सरकार हादरलं आणि त्याच वर्षी संसदेने कायद्यात व्याख्या घातली: ज्यू आईचा किंवा धर्मांतरित, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. त्याच दुरुस्तीत ज्यू माणसाची मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदार यांनाही येण्याचा हक्क दिला. एकच आजोबा किंवा आजी ज्यू असली तरी पुरे.

म्हणजे सावलीबाईंच्या मैत्रिणीची लेक उद्या तेल अवीवला उतरली तर तिला नागरिकत्व मिळेल, सैन्यात घेतील, आणि तिला तिथे ज्यू मुलाशी लग्न करायचं असेल तर रब्बाय म्हणेल, तू ज्यू नाहीस. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. लोक सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेले असे लाखो लोक आहेत.

आडवाटे

डीएनए चाचणी का करत नाहीत?

वकीलीणबाई

काही रब्बाय न्यायालयं मागतात असं २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा तिकडे मोठा गदारोळ झाला. आणि धर्मांतर करून आलेल्या बाईच्या रक्तात काय शोधणार?

लंडनची एक केस राहिली. जेएफएस, १७३२ पासूनची ज्यू शाळा. एका मुलाला प्रवेश नाकारला. बाप ज्यू, आई इटालियन कॅथलिक, पण तिने मुलाच्या जन्माआधी धर्मांतर केलेलं. मात्र ऑर्थोडॉक्स रब्बायपुढे नाही. घरचे नेमाने सिनेगॉगला जाणारे. डिसेंबर २००९ मध्ये ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला: आई कोण यावरून प्रवेश ठरवणं हा वांशिक भेदभाव. नव्वद टक्के हलाखा त्या कायद्याच्या चौकटीत बसला नाही, असं समजा. या खटल्यापायी शाळेने प्रवेशासाठी सिनेगॉगच्या हजेरीला गुण द्यायला सुरुवात केली. जो धर्म श्रद्धेपेक्षा जन्माला महत्त्व देतो, त्याला न्यायालयाने चर्चसारखं वागायला लावलं.

दोनबोटं

शनिवारी लिहायचं नसतं ना? मग हजेरी कोण मांडतं?

(हा खरा प्रश्न आहे, खवचटपणा नाही.)

नागावची

इतके दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. पणजोबा अलिबागजवळच्या नागावचे, तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडलेला असायचा, म्हणून गावात शनवार तेली. घरात मराठीच, मलिद्याला पोहे-गूळ-खोबरं, दाराच्या चौकटीवर मेझुझा (आत धर्मवचन ठेवलेली डबी). मी लग्न होऊन इस्रायलला आले, त्याला आता तीस वर्षं होतील.

वकीलीणबाई म्हणतात ती लग्नाची खिडकी आमच्या लोकांनी फार आधी बघितली. १९६२ साली मुख्य रब्बाय परिषदेने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढली: बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी आली तर आई, आजी असं जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करा. बाहेरच्या कोणाशी लग्न झालंय का, कुणाचा काडीमोड हलाखाप्रमाणे झालाय का. म्हणजे दोन हजार वर्षं कोकणात शाब्बाथ पाळला, सुंता केली, शेमाची प्रार्थना म्हटली, आणि इकडे आल्यावर पुरावा आणा.

माझी आत्या त्याच वर्षांत तिकडच्या एका गावात लग्नाची नोंद करायला गेली. समोरच्याने विचारलं, आजीचं नाव? आत्याने सांगितलं, साकूबाई. तो म्हणाला, हे काय ज्यू नाव आहे? आत्या सांगायची, मी त्याला विचारणार होते की तुझ्या आजीचं पोलिश नाव तोराहमध्ये कुठल्या पानावर आहे. पण विचारलं नाही, लग्न अडलं असतं. तरी अडलंच, सात महिने.

१९६४ च्या उन्हाळ्यात आमचे लोक देशभरातून जेरुसलेमला येऊन धरणं धरून बसले, लेकरंबाळं घेऊन. ऑगस्टमध्ये संसदेत विषय निघाला. पंतप्रधान एश्कोल यांनी सांगितलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. मग परिषदेने सूचनेतून आमचं नाव काढलं आणि "ज्यांच्याबद्दल शंका असेल असे कोणीही" असं घातलं. सूचना तशीच, नाव तेवढं गेलं.

पण आमचेही हात स्वच्छ नाहीत, तेही लिहिते. कोकणात आमच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. रंगाचा नव्हे. ज्याची आई बाहेरची, तो काळा. रोटी-बेटी नाही, मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो) मागे बसायचं. साकूबाई पणजीने स्वतः एका काळ्या घरच्या मुलाचं स्थळ मोडलं होतं. ज्या प्रश्नावर तिच्या नातीला सात महिने ताटकळत ठेवलं, तोच प्रश्न तिने दुसऱ्याच्या पोराला विचारला होता.

रिफॉर्म म्हणाल तर मुंबईलाही होतं. डॉ. जेरुशा झिराड लंडनला डॉक्टरी शिकल्या, तिथे उदारमतवादी ज्यूंची उपासना बघितली आणि १९२५ मध्ये मुंबईत तसा संघ सुरू केला. त्यातूनच भायखळ्याचं रोदेफ शालोम. बायका-पुरुष एकत्र बसायचे. माझी आजी एकदा जाऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई हुशार, पण गर्दीत नवरा शेजारी बसला की प्रार्थनेत लक्ष लागत नाही."

तळटीप

नागावचीताई, हा प्रतिसाद वेगळा धागा करून टाका, विनंती. इथिओपियाच्या ज्यूंबाबत १९७३ मध्ये रब्बाय ओवादिया योसेफ यांनी ते बायबलमधल्या दान टोळीचे वंशज असल्याचं मान्य केलं, तरीही १९८४-८५ मध्ये आल्यावर त्यांच्याकडून प्रतीकात्मक धर्मांतर मागितलं गेलं आणि तेही रस्त्यावर उतरले. तुमच्या लोकांची वाट वीस वर्षं आधीची.

वकीलीणबाई

माझ्या वरच्या प्रतिसादातलं "नव्वद टक्के हलाखा" हे वाक्य खोडा, बोलण्याच्या भरात लिहिलं. एकच कलम होतं, आईचं.

आणि एक त्यामानाने अलीकडचं: मार्च २०२१ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने देशात झालेली रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मांतरं नागरिकत्वासाठी मान्य केली. लग्नाची खिडकी जिथे होती तिथेच.

सावलीबाई (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. मैत्रिणीला धागा वाचून दाखवला, नागावचीताईंचा प्रतिसाद तिने दोनदा ऐकला.

काल ती रब्बाय बाईंशी बोलून आली. त्या म्हणाल्या, आमच्या दृष्टीने मुलगी ज्यू आहे, होती. पण पुढे अडचण नको असेल तर त्यांच्या ओळखीच्या कॉन्झर्व्हेटिव्ह बेत दिनपुढे मिक्वे करता येईल. सगळ्यांना चालेल असं नाही, काही जास्त लोकांना चालेल. ती आता तेरा वर्षांची आहे, म्हणून आईबापांनी ठरवून चालणार नाही, तिचं तिनेच हो म्हटलं पाहिजे.

लेकीला विचारलं तर ती भडकली. म्हणाली, मग शनिवारी मी काय केलं? मी जर ते पाण्यात बुडायला गेले, तर त्याचा अर्थ त्या आजीचं बरोबर होतं. मैत्रिणीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

आज सकाळी मात्र आईच्या फोनवरून मला मेसेज आला, लेकीचा. फक्त एवढंच: पाणी गरम असतं का?

नागावची

गरम असतं म्हणावं. नेलपॉलिश मात्र आधी काढून ठेव, तिथे उभं राहून काढायला लावतात.